वीस युरोच्या नोटेवर ‘बिश’ लिहाल का?

प्रति,
श्रीमती क्रिस्तीन लागार्द,
अध्यक्ष, युरोपीय मध्यवर्ती बँक,
फ्रँकफुर्ट

लागार्दबाई, स.न.वि.वि.

(‘बाई’ ही आमच्याकडे मानाची हाक आहे, गैरसमज नसावा.) पत्र मराठीत लिहिते आहे. युरोपीय संघाच्या २४ अधिकृत भाषांत मराठी नाही, हे ठाऊक आहे. पण तुमच्या बँकेचं रोजचं काम तरी चालतं इंग्रजीत, आणि ब्रिटननं युरो कधी घेतलाच नाही. तेव्हा परक्या भाषेशी तुमचंही घरोब्याचं नातं दिसतं.

विषय नव्या युरो नोटांचा आणि त्यांवरच्या भाषांचा. २०२३ साली लोकांची मतं घेऊन तुमच्या बँकेनं दोन विषय नक्की केले, युरोपची संस्कृती आणि नद्या-पक्षी. जानेवारी २०२५ मध्ये कोणत्या नोटेवर काय असेल तेही सांगितलं. संस्कृती निवडली तर पाचवर गायिका मारिया कॅलस, दहावर बेथोव्हन, वीसवर मेरी क्युरी, पन्नासवर ‘डॉन किहोते’ लिहिणारा सर्व्हान्तेस, शंभरवर लिओनार्दो दा विंची आणि दोनशेवर शांततेसाठी झटलेली बेर्था फॉन झुटनर. निवड २०२६ मध्ये होईल असंही तुम्ही म्हटलं होतं, म्हणून आत्ताच लिहून टाकते.

पक्ष्यांना माझा विरोध नाही. पन्नासच्या नोटेवरचा पांढरा करकोचा कुणाला आवडणार नाही? पण माझं मत माणसांना. आजवर तुमच्या नोटांवर माणूस जवळजवळ नव्हताच. कमानी, खिडक्या आणि पूल होते, तेही जगात कुठंच नसलेले. एकाचा खरा पूल छापला तर दुसरा देश रुसेल, म्हणून नोटांचे चित्रकार रॉबर्ट कालिना यांच्या हातून काल्पनिक पूल काढून घेतले. गंमत अशी, की पुढं नेदरलँड्समधल्या स्पाइकेनिसे गावानं नोटांवरचे सातही पूल त्याच रंगांत हुबेहूब बांधून टाकले. कुणाचे नसलेले पूल आता एका गावाचे झाले, आणि लोक त्यावरून सायकली नेतात. कुणीच रुसलं नाही.

या सहा माणसांत मला आवडलं ते हे, की यांतलं कुणी एका देशाच्या सातबाऱ्यावर सहज चढत नाही. कॅलस ग्रीक आईबापांची, जन्म न्यूयॉर्कचा, शिक्षण अथेन्समध्ये, गाणं बहुतेक इटालियन, मरण पॅरिसमध्ये. बेथोव्हन बॉनचा, पण व्हिएन्नात गेला तो तिथलाच झाला. लिओनार्दो फ्रान्समध्ये वारला, त्याची मोनालिसा म्हणूनच आज लुव्हरमध्ये आहे. सर्व्हान्तेसनं पाच वर्षं अल्जीयर्समध्ये कैदेत काढली. आणि क्युरी! मूळची मारिया स्क्लोदोव्स्का, वॉर्साची, त्या वेळी पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. १८९८ मध्ये नवं मूलद्रव्य सापडलं तेव्हा तिनं त्याला पोलोनियम नाव दिलं. फ्रान्सनं तिला ५०० फ्रँकच्या नोटेवर घेतलं, पोलंडनं २०,००० झ्लॉटीच्या. आता पोलंडमध्ये युरो नाही आणि युरोवर पोलंडची लेक येऊ घातली आहे. तिचं माहेरचं नाव मात्र पूर्ण छापा, एवढं आधीच सांगून ठेवते.

खरं तर एक बाई तुमच्या नोटांवर २०१३ पासून आहे. नोट उजेडासमोर धरली की जलचिन्हात दिसते ती युरोपा. जुन्या ग्रीक भांड्यावरून घेतलेला तिचा चेहरा. ज्या राजकन्येचं नाव या खंडाला मिळालं, ती कथेप्रमाणे फिनिशियाच्या टायर शहरातली, म्हणजे आजच्या लेबनॉनमधली. बैलाचं रूप घेतलेल्या झ्यूसनं तिला पळवून क्रीटला आणलं. खंडाचं नावच आशियातून पळवून आणलेलं आहे. तुम्ही ते लपवलं नाहीत, नोटेच्या आत ठेवलंत, याबद्दल मनापासून आभार.

पण चेहऱ्यांवर थांबू नका. माझी मागणी भाषेची आहे.

माझी आजी पन्नाशीत प्रौढ साक्षरता वर्गात मराठी वाचायला शिकली. हिंदी-इंग्रजीशी तिचा संबंध नव्हता. नोट हातात आली की ती आधी उलटी करायची आणि मागच्या ओळींच्या पट्टीवरून बोट खाली नेत नेत एका ओळीवर थांबायची. “इथं आपलं लिहिलंय बघ.” आकडा तिला आधीपासून येत होता, ‘शंभर रुपये’ वाचल्याशिवाय तिचं अडत नव्हतं. तरीही वाचायची. आमच्या नोटेवर मागे १५ भाषांत किंमत लिहिलेली असते, शिवाय हिंदी आणि इंग्रजी ठळक. मिळून १७. पट्टीतला क्रम इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांप्रमाणे लावलाय, त्यामुळं कोंकणी आणि मराठी या सख्ख्या शेजारणींच्या मधोमध मलयाळम येऊन बसली आहे. गोव्यातला आमचा जुना भाषावाद बघता ही बैठक वाईट नाही.

आमची नोट आदर्श आहे असं मुळीच नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. संथाली, बोडो, डोगरी, मैथिली, मणिपुरी आणि सिंधी अजून नोटेबाहेर उभ्या आहेत, आणि आम्हा मराठी माणसांना याची क्वचितच आठवण होते. आपली ओळ सापडली की आम्ही नोट सरळ करतो.

तुमच्या नोटेवर किंमत भाषेत लिहिलेलीच नसते. आहे तो ‘युरो’ हा शब्द लॅटिन, ग्रीक आणि सिरिलिक या तीन लिप्यांत, आणि बँकेच्या आद्याक्षरांची रांग. ती तिसरी लिपी कशी आली तेही आठवा. २००७ मध्ये बल्गेरिया संघात आला तेव्हा नाणं सगळीकडे एकाच नावाचं हवं, म्हणून सिरिलिकमध्ये ‘एउरो’ लिहा असा तुमच्या बँकेचा आग्रह होता. बल्गेरियन म्हणाले, आम्ही खंडाला ‘एव्रोपा’ म्हणतो, मग पैसा ‘एव्रो’च. एका अक्षरासाठी त्यांनी वरपर्यंत नेलं आणि लिस्बनमध्ये संघाच्या नेत्यांच्या बैठकीत जिंकले. १ जानेवारी २०२६ पासून सोफियाच्या मंडईत त्याच ‘एव्रो’नं टोमॅटो मिळतात. अक्षर त्यांना मिळालं म्हणून युरो कुठं फुटला नाही.

‘जागा कुठं आहे’ असं तुमचे अधिकारी म्हणतील. आमची वीसची नोट १२९ बाय ६३ मिलिमीटर, तुमची १३३ बाय ७२. आमच्यावर गांधीजी आहेत, अशोकस्तंभ आहे, मागे वेरूळची लेणी आहेत, आणि तरीही १७ भाषा दाटीवाटीनं बसल्या आहेत. मुंबईच्या लोकलमध्ये चौथी सीट असते तशा. तुमच्याकडे जागा जास्त आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, तो मीच मांडते. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या क्रोन नोटांवर एका बाजूला जर्मन आणि तिच्याबरोबर आठ भाषा होत्या, चेक, पोलिश, रुथेनियन, इटालियन वगैरे, दुसऱ्या बाजूला हंगेरियन. मिळून दहा. १९१८ मध्ये साम्राज्य गेलं. सोव्हिएत रूबलवर १५ भाषा होत्या, १९९१ मध्ये तेही राज्य गेलं. तुमच्या दोनशेच्या यादीतली बेर्था फॉन झुटनर या दहा भाषांच्या नोटांच्याच काळात व्हिएन्नात राहत होती, शांततेचं नोबेल मिळवणारी पहिली स्त्री. पहिल्या महायुद्धाला निमित्त ठरलेल्या सारायेव्होतल्या गोळीबाराच्या आठवडाभर आधी, २१ जून १९१४ ला ती गेली. तिच्या पाकिटातल्या नोटांनी युद्ध थांबवलं नाही. मान्य. पण त्या नोटेची हंगेरियन बाजू नीट पाहा. हंगेरीच्या राज्यात लाखो स्लोव्हाक राहत होते. त्या बाजूवर त्यांची एक ओळ नाही, आणि जर्मन बाजूवरही नाही. नोटेनं राज्य बुडवलं नाही की तारलं नाही, पण कुणाला मोजलं आणि कुणाला नाही हे ती आज शंभर वर्षांनंतरही सांगते.

आता वीसच्या नोटेवर २४ भाषा लिहिल्यात तर काय दिसेल ते बघा. लिथुआनियन ‘द्विदेशिम्त’: आमच्याकडचा कुठलाही शाळकरी मुलगा यात द्वि आणि दश ऐकेल. ग्रीक ‘इकोसी’. फिन्निश ‘काक्सिक्यूम्मेन्ता’, याला दोन ओळी लागतील, द्याव्यात. माल्टीज ‘ओश्रीन’, अरबीच्या घरातली, लॅटिन लिपीतली आणि संघाची पूर्ण अधिकृत भाषा. ज्यांना युरोप म्हणजे एकाच रक्ताचा वाटतो, त्यांच्या खिशात ही ओळ रोज जाऊ दे. (जर्मनीत अजून पावाच्या दुकानांवर ‘फक्त रोख’ अशी पाटी असते, आणि पुण्यात कोथिंबिरीच्या जुडीलाही क्यूआर कोड. तेव्हा नोटांचे दिवस संपले म्हणायला इथं तरी अवकाश आहे.)

पण २४ वर थांबलात तर तुमच्याही नोटेवर कुणीतरी स्लोव्हाकांसारखं राहून जाईल. कॅटलन आहे, तिचे बोलणारे माल्टीजपेक्षा कितीतरी पटींनी जास्त. तिची वकिली करायला स्पेनमध्ये माणसं आहेत. मी बोलते आहे रोमानीबद्दल, म्हणजे रोमा लोकांच्या भाषेबद्दल, कारण तिथं माझं नातं लागतं.

युरोपात सुमारे एक कोटी रोमा लोक राहतात. त्यांना एकही देश नाही, म्हणजे खरं तर जवळजवळ सगळेच आहेत. त्यांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी भारतातून निघाले. ते मोजतात असं: एख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव. इथवर आपलंच. मग एकदम एफ्ता, ओख्तो, एन्या: सात, आठ, नऊ हे ग्रीक, वाटेत बायझंटाइन मुलखात उचललेले. आणि पुन्हा घरी येऊन देश. दहा आकड्यांत सगळा प्रवास. दहाचे दोन झाले की म्हणतात बिश. आमचं वीस, हिंदीचं बीस, त्यांचं बिश.

ज्या भाषेच्या मोजणीत या खंडाचं एक टोक आणि माझा देश एकत्र नांदतात, तिला नोटेवर चार अक्षरांची जागा मागते आहे. ती कोणत्याही सदस्य देशाची अधिकृत भाषा नाही म्हणून कुणी सरकार तिच्यासाठी लिस्बनला जाऊन भांडणार नाही. क्युरीच्या नोटेच्या मागच्या बाजूला तुम्ही शाळेचं चित्र ठरवलं आहे, शिक्षक आणि मुलं. त्या मुलांत एखादं रोमा असेल असं मी धरून चालते. त्याला नोट उलटी करून बोट फिरवता यावं.

सोबत वीस रुपयांची एक नोट जोडली आहे. मागची बाजू पाहावी. परत पाठवण्याची गरज नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मायन नदीच्या याच काठावरची एक मराठी फ्रँकफुर्टकर

जोडपत्र: वीस रुपयांची नोट, १ नग.