चांदणीची आयाळ राखणाऱ्या काकाजींना

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे यायला नको, असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून नुसतं काकाजीच लिहिते. पण घोडी पाळणाऱ्या आपल्या नागपूरच्या लोकांना तुम्ही काय केलं ते कळायला हवं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

घोड्याला माणसाइतकी थंडी वाजत नाही. हिवाळ्यात अंगावर दाट लव येते, आणि धडधाकट जनावर आपल्याकडच्या थंडीत झुलीवाचूनही मजेत राहतं. पण दिवाळीच्या सुमारास आमच्या घोडीला, चांदणीला, पोटशूळ झाला, अंग उतरलं, बरगड्या दिसू लागल्या. डिसेंबरात पहाटेचा पारा १० अंशांखाली गेला तेव्हा डॉक्टरांनीच रात्री झूल घालायला सांगितलं. तयार झूल आणली. ऊब मिळाली, पण मानेच्या बुडाशी, खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावरची आयाळ विरळ होऊ लागली. डॉक्टरांनी तपासलं: ऊ नाही, बुरशी नाही. केस मुळातून गळले नव्हते, अध्येमध्ये तुटून आखूड झाले होते. म्हणजे झूलच घासत होती.

वरातीच्या घोडीची आयाळ म्हणजे काय, ते आमच्या घरात लहान पोरालाही कळतं. तिच्या बटांत गोंडे गुंफायचे असतात. आणि एकदा तुटलेली बट पुन्हा मानेवर लोंबायला वर्ष सहज जातं. बाबा रोज सकाळी तिथे हात फिरवायचे आणि गप्प व्हायचे.

मी तुमच्या शिलाईच्या दुकानात आले ते फक्त झुलीला साटीनचं गुळगुळीत अस्तर लावून घ्यायला. तेवढं कोणीही लावून दिलं असतं. तुम्ही म्हणालात, "कपडा मंग पाहू पोरी, आधी जनावर दाखव." दुकान बंद करून तबेल्यात आलात, आणि माप घेण्याआधी तिच्यासमोर खाली कडबा टाकायला लावलात. उभी असताना नीट बसलेली झूल तिने मान खाली घालताच मागे ओढली गेली. सगळा ताण त्या उंचवट्यावर आला आणि गळ्याची कड आयाळीवर करवतीसारखी पुढे-मागे व्हायला लागली. रात्रभर चारा खाणारं जनावर ते! आम्ही रोज झूल घालत होतो, पण तिला खाताना असं बारकाईने कोणी पाहिलं नव्हतं. ते तुम्ही पाहिलंत.

मग छातीच्या मध्यापासून मागच्या पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत टेप लावलात. झूल लांब होती, म्हणूनच मागे सरकत होती. तुम्ही ती आखूड केलीत, गळा उंचवट्याच्या पुढे बसेल असा नव्याने बेतलात, पाय मोकळा पडावा म्हणून दोन्ही खांद्यांवर चुण्या घातल्यात. साटीन गांधीबागेतून तुम्हीच निवडून आणलंत. त्याची चकचकीत बाजू केसांकडे ठेवलीत आणि एकही जोड आयाळीखाली येऊ दिला नाहीत. मला सगळ्यात आवडलं ते हे, की अस्तर बाहेरून बंदांनी बांधलंत. धूळ आणि गळलेले केस अडकले की साटीनही खरखरीत होतं. आता ते सोडून धुता येतं.

बाकीची काळजी बाबा घेतात. झूल आधी मानेवर पुढे टाकायची, मग मागे सरकवायची, म्हणजे लव सरळ बसते. खाली दबलेली आयाळ हाताने बाहेर काढायची. ऊन चढलं की झूल उतरवायची, कारण आपल्याकडे हिवाळ्यातली दुपारही चांगली तापते. घामाने खाज सुटली की घोडी भिंतीला मान घासते, आणि मग तुमची शिलाई तरी काय करणार?

काकाजी, तुटलेल्या जागी आता बोटाच्या पेराएवढे नवे केस आले आहेत. या लग्नसराईत तिथे गोंडे नाही बांधणार, मोगऱ्याची माळ वरून सोडू. बाबांनी तसं ठरवलंय.

तुम्ही शिलाईचे पैसे घेतलेत, तबेल्यात घालवलेल्या दुपारचे घेतले नाहीत. जनावराच्या कामाचे जास्त घेत नाही म्हणालात. या वेळी ऐकलं, पुढच्या वेळी ऐकणार नाही. तो गळ्याचा कागदी फर्मा जपून ठेवा. आमच्या ओळखीतले आणखी दोघे घोडीवाले तुमचा पत्ता मागत आहेत, आणि त्यांना मी आधीच सांगितलंय की माप घ्यायला काकाजी तबेल्यात येतील, तेव्हा कडबा तयार ठेवा.

तुमची,
चांदणीवाल्यांची मुलगी