‘किती टक्के झालं?’ हे विचारू नका, मंत्रिमहोदय

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

पंचवीस वर्षं साइटवर काढली, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. आढावा बैठकीत विचारलं जातं, ‘किती टक्के काम झालं?’ आम्ही सांगतो, बासष्ट. हा आकडा बहुधा बिलावरून काढलेला असतो. सळई येऊन पडली, तिचे पैसे निघाले की टक्का वाढतो. पूल तिथल्या तिथेच.

एका लहान पुलाचा स्लॅब भरायचा होता. सेंटरिंग तयार, सळई बांधलेली, काँक्रीटच्या चार गाड्या रांगेत. सळई आणि साचा यांत अंतर ठेवणारे कव्हर ब्लॉक मात्र अर्धेच आलेले. सळई तपासायला यायचे ते उपअभियंता भलत्याच साइटवर, कारण त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. मजूर सावली धरून बसले. दोन गाड्यांतला माल तर फेकावाच लागला. दिवसाच्या अहवालात कारण लिहिलं, ‘पावसाची शक्यता.’ ते मीच लिहिलं.

टोयोटाच्या कारखान्यातला ‘वाया काही घालवायचं नाही’ हा विचार बांधकामाला लावून पाहणारा फिनलंडचे संशोधक लौरी कोस्केला यांचा अहवाल 1992चा. नंतरच्या लेखनात ते सांगतात की साइटवरचं कोणतंही काम सुरू व्हायला सात गोष्टी जमाव्या लागतात : नकाशे, माल, माणसं, यंत्रं, जागा, आधीचं काम आणि हवामान-परवानग्यांसारख्या बाहेरच्या बाबी. प्रत्येकीची खात्री 95 टक्के धरा. सातही एकदम जमण्याची शक्यता उरते जेमतेम 70. आपण तर जमीन ताब्यात नसताना, विजेचे खांब मधोमध उभे असताना वर्क ऑर्डर देतो!

‘आधीचं काम’ म्हणजे काय, ते अंधेरीत सगळ्यांनी पाहिलं. 2024मध्ये गोखले पुलाची एक बाजू सुरू झाली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी तिची पातळीच जुळेना. शेवटी जॅक लावून बर्फीवाला वर उचलावा लागला. तो पूल तुमच्या खात्याचा नव्हता, मान्य.

अमेरिकेत ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या बांधकाम-संशोधकांनी साइटवर मोजून पाहिलं, तर आठवड्यासाठी ठरवलेल्या कामांपैकी निम्म्याच्या आसपासच पुरी होत होती. त्यांचा उपाय साधा आहे. आठवड्याचं काम मुकादम आणि शाखा अभियंत्यानेच ठरवायचं, सातही गोष्टी हाताशी असतील तेवढंच कबूल करायचं, आणि शनिवारी मोजायचं की किती शब्द पाळले आणि उरलेले का मोडले.

एकाच पुलावर तीन महिने हे करून बघा. बैठकीत टक्क्यांऐवजी मोडलेल्या शब्दांची कारणं मागवा. फक्त खरं कारण लिहिणाऱ्याला नोटीस काढू नका. काढलीत, तर आमच्या अहवालांत पुन्हा बारमाही पाऊस सुरू होईल.

आपला,
एक साइट इंजिनिअर