‘अपग्रेड’चा अर्थ खोक्यावरच छापावा

मा. संपादक,
महोदय,

सॉफ्टवेअरच्या खोक्यावर ‘अपग्रेड’ हा शब्द छापलेला असतो आणि ग्राहक त्याचा अर्थ ‘सुधारित, नवी आवृत्ती’ असा घेतो. विकणाऱ्या कंपनीच्या लेखी मात्र त्याचा अर्थ ‘ज्याच्याकडे जुना परवाना आहे त्यालाच मिळणारी सवलत’ असा असतो. या तफावतीतून वर्षानुवर्षे वाद होत आले आहेत, आणि त्यांचे खापर ग्राहकाच्या निष्काळजीपणावर फोडून मोकळे होणे मला पटत नाही.

या शब्दाला तिसराही अर्थ आहे: संगणकावरील जुनी आवृत्ती जागच्या जागी नवी करणे. २००९ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीचे ‘विंडोज ७’ आले तेव्हा जुने ‘विंडोज एक्सपी’ वापरणारे सवलतीस पात्र होते, परंतु त्यांच्या संगणकावरील एक्सपीचे रूपांतर थेट नव्या आवृत्तीत होत नव्हते. सारे नव्याने इन्स्टॉल करून आपले प्रोग्रॅम एकेक करून पुन्हा टाकावे लागत. ‘विंडोज व्हिस्टा’ या लगतच्या आधीच्या आवृत्तीच्या ३२ बिट प्रकारावरून विंडोज ७ च्या ६४ बिट प्रकारावर जाणाऱ्यांचीही तीच गत होती. थोडक्यात, परवान्यापुरते अपग्रेड झाले, तरी संगणकावरचे काम पहिल्यापासूनच करावे लागले.

जुना परवाना आहे की नाही, याची तपासणी पूर्वी निदान सरळ असे. ‘विंडोज ९८’ची अपग्रेड डिस्क कोऱ्या हार्ड डिस्कवर चालवली, की ती जुन्या आवृत्तीची डिस्क दाखवायला सांगे. २००७ च्या व्हिस्टाने ही सोय काढून घेतली आणि अपग्रेड आधीच्या विंडोजमधूनच सुरू करण्याची अट घातली. गंमत अशी, की प्रॉडक्ट की (खरेदीसोबत मिळणारा सांकेतिक क्रमांक) न देता एकदा इन्स्टॉल करून त्यावरच पुन्हा अपग्रेड केले, तर तीच डिस्क निमूटपणे चालत असे. विंडोज ७ च्या वेळीही अशा पळवाटा निघाल्या आणि ‘चालते म्हणजे परवाना मिळाला असे नव्हे’ अशी भूमिका कंपनीकडून मांडली गेली. कायद्याने ती योग्य असेलही. पण ‘अ‍ॅक्टिव्हेशन यशस्वी’ असा संदेश संगणकानेच दिल्यावर आपण अट मोडली आहे, हे सामान्य माणसाने कशावरून ओळखावे?

जुन्या परवान्याचे काय होते, हे तर बहुतेकांना ठाऊकच नसते. अपग्रेड केल्यावर नवा करार जुन्याची जागा घेतो, त्यामुळे जुनी प्रत दुसऱ्या संगणकावर टाकण्याचा हक्क उरत नाही. संगणकासोबत आलेला ओईएम (म्हणजे संगणक बनवणाऱ्या कंपनीमार्फत मिळालेला) परवाना त्या यंत्राशीच बांधलेला असतो. त्यावर घेतलेले अपग्रेड पुढे नव्या संगणकावर नेता येईल का, याचे उत्तर बाहेरून खोका कितीही निरखला तरी सापडत नाही.

खोक्याच्या आत असलेल्या अटीही ग्राहकास बंधनकारक ठरू शकतात, असे अमेरिकेतील अपील न्यायालयाने १९९६ साली ‘प्रोसीडी विरुद्ध झायडेनबर्ग’ खटल्यात मानले. मात्र त्या निकालाच्या मुळाशी एक गृहीत होते: अटी मान्य नसतील तर माल परत करण्याची मुभा ग्राहकाला आहे. प्रत्यक्षात सील फोडलेले सॉफ्टवेअर परत घ्यायला दुकानदार सहसा तयार नसतो आणि कंपनीकडे दाद मागण्याइतका वेळ ग्राहकाकडे नसतो. ही मुभा कागदावरच राहणार असेल, तर निदान मुख्य अटी तरी सीलच्या बाहेर असायला हव्यात.

म्हणून खोक्याच्या दर्शनी बाजूला, किमतीइतक्याच ठळक अक्षरांत, पुढील माहिती छापणे कंपन्यांना बंधनकारक व्हावे: कोणत्या आवृत्तीचा परवाना आधी हवा, जुन्या फाइल आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात की नाही, आणि संगणक बदलल्यास परवाना सोबत नेता येतो का. हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. २०१३ मध्ये ‘विंडोज ८.१’ दुकानांत पूर्ण आवृत्ती म्हणूनच विकले गेले आणि अपग्रेडचा वेगळा खोका ठेवण्याची गरजच उरली नाही. आता तर अनेक खोक्यांत डिस्कही नसते, कोड छापलेले एक कार्ड तेवढे असते; तेव्हा जागा पुरत नाही ही सबबही चालण्यासारखी नाही.

आपला,
एक वाचक