घाटात बुलेट चालवणाऱ्या लेकीस

बीड, नोव्हेंबर

चि. सौ. माईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू हसलीस, म्हणून लिहायला बसलो. उटीजवळच्या कल्हट्टी घाटातला फोटो मिळाला. बुलेटवर तू, मागं जावईबापू जीव मुठीत धरून. तुझ्या आईनं तो गल्लीभर दाखवला. मी फक्त त्या घाटाची वळणं विचारली. 36. 'जपून' एवढंच म्हणालो, तर तू म्हणालीस, "दादा, मी झोजिला खिंडीतून फौजेच्या गाड्यांचा कॉन्व्हॉय नेलाय."

नेलास की, माय. नाही कोण म्हणतंय? पण तिथं तू ड्युटीवर होतीस. पुढं गाडी, मागं गाडी, हातात वायरलेस, रिकव्हरीवाले तयार. ड्युटीवर माणूस धाकात असतो. सुटीत तो धाक जातो. एसटी चालवताना मांजरसुंब्याच्या घाटात दरीत गेलेल्या गाड्या मी लई बघितल्या. अवघड वळणावर कमीच जायच्या. खाली सपाटी दिसली, ड्रायव्हरला वाटलं उतरलो एकदाचं, की तिथंच.

हे लिहायचंच नव्हतं. कौतुक लिहायचं होतं. 2022 ला लष्करातल्या मुली पहिल्यांदा निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या डिफेन्स स्टाफ कॉलेजची परीक्षा पास झाल्या, अन् आता आपली माई तिथं शिकायली, हे डेपोत जाऊन सगळ्यांना सांगितलं. कॉलेज 1905 ला आपल्या देवळालीत निघालं, मग क्वेट्ट्याला गेलं, फाळणीनंतर वेलिंग्टनला आलं, हेही सांगतो. आता मी दिसलो की कंट्रोलर आधीच चहा मागवतो. आजीचं मात्र अवघड आहे. कॉलेजच्या चिन्हावर घुबड बघून तिनं तुझी दृष्ट काढली. ते शहाणपणाचं घुबड आहे म्हणून सांगितलं, तर म्हणाली, शहाणं असलं तरी घुबडच.

वर्षभर लेकरू जवळ आहे, क्लब आहे, गोल्फ आहे, हे ऐकून बरं वाटलं. पण छकुला फोनवर बोलून गेला की आई रात्री दोनपर्यंत लिहीत बसते अन् रविवारी पहाटे गाडी काढते. अपुरी झोप अन् घाट हे एकत्र नको. डोळे उघडे राहतात, रस्ता दिसत नाही. मुक्कामी गाडी नेणाऱ्या कुणालाही विचार. ज्या गिअरवर चढलीस त्याच गिअरवर उतर, नुसत्या ब्रेकवर सोडू नको. चढणाऱ्याला आधी वाट दे. धुक्यात अप्पर मारू नको, डिपरवरच ठेव, समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते.

बघ, मेजरला गिअर शिकवायला लागलो. राग धरू नको.

तुला गिअर कधी शिकवावे लागलेच नाहीत. उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या गाडीत इंजिनच्या झाकणावर गोधडी टाकून बसायचीस. झाकण तापलं की पाय वर घ्यायचीस, पण मागं सीटवर जायचं नाव नाही. चढ लागला, इंजिनचा आवाज जड झाला की मी हात उचलायच्या आधीच ओरडायचीस, "दादा, दोन टाका!" पॅसेंजर हसायचे. तुझा अंदाज चुकायचा नाही. कंडक्टर म्हणायचा, पोरीला बिल्ला देऊन टाका.

आपल्याकडं पाऊस कधीच परतला, तिकडं म्हणे आता खरा कोसळायला लागलाय. डिसेंबर तोंडावर आला की मला 2021 ची 8 तारीख आठवते. जनरल रावत तुमच्याच कॉलेजात बोलायला येत होते अन् कुन्नूरजवळ हेलिकॉप्टर ढगात शिरलं. तुझ्या आईच्या ते ध्यानात नाही. मीही काढत नाही.

फिरायचंच असेल तर ती डोंगरातली छोटी गाडी आहे ना. वेलिंग्टनला तिचं स्टेशन आहे म्हणतेस. कल्लार ते कुन्नूर ती दात्यांच्या रुळावरून चढते, घसरायची सोयच ठेवली नाही. शंभर वर्षांवर चाललीय. छकुल्याला घेऊन बस तिच्यात.

आईनं ज्वारीचं पीठ अन् शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवलीय. नाताळच्या सुटीत येतो. कोइमतूरला उतरू, पण आम्हाला घ्यायला घाट उतरून येऊ नको. आम्ही बसनं वर येऊ. ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली की मला काही लागत नाही.

तुझा,
दादा