श्वासाचं मशीन घरी आलं, पण दाब कोण जुळवून देणार?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आमच्या कारखान्याचा माल रात्री टेंभुर्णी-इंदापूरमार्गे पुण्याला नेणारा माझा एक मित्र आहे. परवा तो म्हणाला, "ते झोपेचं मशीन काढून टाकायचंय, कुणी गिऱ्हाईक असेल तर सांग." सहा रात्री लावलं आणि गुंडाळून ठेवलं. त्याला झोपेत श्वास अडकण्याचा, म्हणजे स्लीप ॲप्नियाचा आजार आहे आणि त्याच्या हातात स्टिअरिंग असतं. ते ऐकल्यापासून मला चैन पडेना, म्हणून हे पत्र.

मी ५४ वर्षांचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर जॉबर, म्हणजे माग जुळवून देणारा कारागीर आहे. घोरणं माझं जुनंच. पण माझी पत्नी विड्या वळते, पहाटे उठून पानं कातरायला बसते. तिच्या लक्षात आलं की घोरता घोरता माझा आवाज एकदम थांबतो, छाती हलते पण श्वास आत जात नाही. तेवढा वेळ ती हातातली कात्री तशीच धरून माझ्याकडे बघत बसायची. मग मी गुदमरल्यासारखा दचकायचो आणि पुन्हा घोरायला लागायचो. इकडे कारखान्यात चालू मागाशेजारी उभ्या उभ्या माझा डोळा लागला, तेव्हा मात्र दवाखाना गाठला. रात्रभर छातीला, डोक्याला, बोटाला वायरी लावून तपासणी झाली. तासाला ३८ वेळा श्वास बंद पडत होता किंवा फार कमी होत होता, तोही दर वेळी किमान दहा सेकंद. ३० च्या वर गेलं की आजार तीव्र धरतात.

मग सीपॅप मशीन घेतलं. झोपेत घशाचा मऊ भाग सैल पडून वाट बंद होते. मशीन हवेच्या दाबाने ती उघडी ठेवतं. माझा दाब १२ वर लावून दिला. ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांच्या माणसाने दहा मिनिटांत मास्क कसा घालायचा ते दाखवलं, पावती दिली आणि निघून गेला. पुढची चौकशी कुणी केली नाही.

पहिल्या रात्री दिवा मालवला आणि वाटलं, भर वाऱ्यात तोंड धरून उभा आहे. श्वास घेता यायचा, पण सोडताना समोरून कुणीतरी दाबतंय असं व्हायचं. मास्कच्या कडेने हवा सुटून डोळ्यांत जायची, ती थांबवायला पट्टे आवळले तर नाकाच्या हाडावर वळ उठले. हवा गिळली जाऊन सकाळी पोट टम्म. चौथ्या रात्री मशीन चादरीत बांधून कपाटावर ठेवलं. दोन महिने ते तिथेच होतं आणि माझा श्वास पूर्वीसारखाच अडकत होता.

पत्नीनेच हट्ट धरून मला पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाण्याचा उंच ग्लास आणि स्ट्रॉ मागवली. स्ट्रॉ पाण्यात १२ सेंटिमीटर बुडवून म्हणाले, "फुंका, बुडबुडे काढा." बुडबुडे काढायला जेवढा जोर लागला, तेवढाच माझा दाब होता. ही मशीनं साधारण ४ पासून २० पर्यंत दाब देतात, हेही तेव्हाच कळलं. वर्षभर १२ आकडा ऐकला असता तरी मला उमगला नसता, तो त्या ग्लासात उमगला.

मशीनमधलं कार्ड त्यांनी बघितलं. मी किती तास लावलं, हवा किती गळली, श्वास किती वेळा अडला, सगळी नोंद त्यात होती. गळती खूप होती, कारण मास्कचं मापच चुकलेलं. मास्क बदलला. सुरुवात ५ वर ठेवून अर्ध्या तासात दाब हळूहळू चढेल अशी सोय त्याच मशीनमध्ये होती. तिला रॅम्प म्हणतात. श्वास सोडताना दाब थोडा उतरण्याचीही सोय होती. दोन्ही बंदच होत्या! पुढे दोन आठवडे मशीन आपोआप दाब कमीजास्त करील असं लावून ठेवलं, नोंदी बघितल्या आणि माझा दाब १० वर कायम केला. दिवसा टीव्ही बघताना तासभर मास्क घालून बसायला सांगितलं, त्याने नाकाला सवय झाली. आता मशीन तासाला तीन-चारच अडथळे दाखवतं.

मागावर नवीन बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, चढवला की ताण एकदा लावून जॉबर घरी जात नाही. दोन-चार हात कापड विणून बघतो, तार तुटते का, कापड ढिलं येतं का ते पाहतो, मग पुन्हा हात लावतो. माणसाच्या श्वासाला तेवढाही वेळ मिळू नये?

माझं मागणं एवढंच आहे. मशीन देणाऱ्यांनी आठवड्याने एकदा आणि महिन्याने एकदा कार्ड तपासणं त्याच किमतीत धरावं. रॅम्प चालू करून, मास्क घालून पेशंटला आडवं करून बघितल्याशिवाय मशीन घरी पाठवू नये. मशीनची हवा ओलसर ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, हे आपल्या सोलापुरात तर बजावून सांगायला हवं. नळाच्या पाण्याने माझ्या टाकीत पंधरा दिवसांत पांढरे थर बसले होते. आणि त्रास होतो म्हणून मोबाइलवर बघून कुणी स्वतःच दाब बदलू नये. कमी पडला तर घसा पुन्हा बंद होतो, आणि झोपेत असल्यामुळे आपल्याला ते कळतही नाही. आपल्या आरोग्याच्या पानावर एखाद्या डॉक्टरांकडून हे सविस्तर लिहून घ्यावं, ही विनंती.

मित्राला मशीन विकू दिलेलं नाही. सोमवारी त्याची सुट्टी आहे. मशीन, मास्क आणि कार्ड घेऊन आम्ही दोघं डॉक्टरांकडे जाणार आहोत.

आपला,
एक जॉबर, विडी घरकुल, सोलापूर