बाबा, मी फायबर मारलं

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर हे सगळं सांगता येत नाही म्हणून लिहितेय. आई, तू फोन घेतलास की पहिली दहा मिनिटं जेवलीस का, थंडी किती आहे यातच जातात, आणि बाबांकडे फोन गेला की ते "बरं आहे, घे, आईशी बोल" म्हणून परत तुझ्या हातात देतात. दादाला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आण, आणि आई तू बाबांना वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस, त्यांच्या कामाचं आहे म्हणून वाच.

बाबा, मी फायबर मारलं. स्वतःच्या हाताने, पहिल्यांदा, या शनिवारी आणि रविवारी. होडीला नाही, सर्फबोर्डला, म्हणजे लाटेवर उभं राहायच्या फळीला. आई, फायबर मारणं म्हणजे काचेच्या तंतूंच्या कापडावर रेझिन नावाचा चिकट द्रव ओतायचा, तो घट्ट होऊन कडक कातडी बनते. चार महिने झाले बोर्ड बनवतेय आणि तुम्हाला सांगितलं नव्हतं कारण अर्धवट राहिला तर काय सांगायचं, असं वाटत होतं.

सात फूट दोन इंच लांब आहे, मध्ये साडेएकवीस इंच रुंद, जाडी पावणेतीन. आत फोम आहे, थर्माकोल नव्हे, थर्माकोलवर आपलं नेहमीचं पॉलिस्टर रेझिन ओतलं तर तो विरघळून खड्डाच पडतो. हा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम, पांढरा, बारीक दाण्याचा, आणि बरोबर मधोमध टोकापासून टोकापर्यंत लाकडाची पातळ पट्टी उभी बसवलेली असते, तिला स्ट्रिंगर म्हणतात. ओबडधोबड ठोकळा विकत मिळतो, त्याला रंधा मारून, कानशीने, मग पॉलिश पेपरने घासून आकार द्यायचा. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर ब्रूकव्हेल म्हणून भाग आहे, १९६० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातले मोठमोठे बोर्डवाले तिथेच गोळा झाले होते, आता कारखाने बरेच कमी झालेत पण सामान मिळतं आणि दुकानात विचारलं की माणसं मनापासून सांगतात. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या बोर्डाच्या दोन्ही कडांवरून डोळे मिटून हात फिरवला आणि सांगितलं की डावी कड उजवीपेक्षा जाड आहे. मी टेप लावून बघितलं, खरंच होती. तुम्ही इंजिनाला हात लावून सांगायचात ना की बेअरिंग गेलंय, अगदी तसंच.

आकार देऊन झाला तरी फोम म्हणजे नुसता फोम, अंगठा दाबला तरी खळगा पडतो, उन्हात पिवळा पडतो, पाणी पितो. जोर सगळा वरच्या फायबरच्या कातडीत. लाट बोर्डाला वाकवते तेव्हा ताण वरच्या आणि खालच्या कातडीवर येतो, आतला फोम फक्त त्या दोघींना एकमेकींपासून लांब धरून ठेवतो. हे मला कळलं तेव्हा फायबरची जास्तच भीती वाटायला लागली, कारण चार महिन्यांचं काम आणि ते टिकणार की नाही हे त्या वीस-पंचवीस मिनिटांवर.

तुम्ही वापरायचात ती मॅट, ४५० ग्रॅमची, तुटक्या तंतूंची, रेझिन लागलं की तिच्यातला डिंक विरघळतो आणि ती मऊ होऊन कशीही बसते. इथे बोर्डाला विणलेलं कापड लागतं, फार तलम, खालच्या बाजूला २०० ग्रॅमचा एक थर आणि वर जिथे उभं राहायचं तिथे १३५ ग्रॅमचे दोन. आई, ते कापड तू हातात घ्यायला हवं होतंस, रेशमासारखं सुळसुळीत, पण सरळ ओढलं तर वळणावर चुणी पडते आणि तिरकं ओढलं की गुमान बसतं. कडेच्या खाली चार बोटं लोंबतं ठेवून कापायचं, टोकाला आणि शेपटीला कात्रीने चिरा द्यायच्या म्हणजे दुमडताना गोळा होत नाही. कात्री मधे उचलायची नाही हे तू मला परकर शिवताना शिकवलेलं, तेच करत गेले.

शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये १६ डिग्री होतं. मास्क, चष्मा, तीन जोड हातमोजे, वजनकाटा, बादल्या, कात्री, रबराची पट्टी, सगळं ओट्यावर मांडावं तसं टेबलावर ओळीने मांडलं. तू खाजा करताना म्हणायचीस ना, "आधी सगळा मांडून घे, मगे चुलीर ठेव". गुळाचा पाक एकदा आला की आलं किसायला वेळ नसतो, शेव आत पडलीच पाहिजे आणि हात थांबता कामा नये, नाहीतर निम्म्या शेवेला गूळ लागतो आणि निम्मी कोरडी राहते. रेझिनचं तंतोतंत तसंच आहे गं.

७०० ग्रॅम रेझिन घेतलं, त्यात दोन टक्के म्हणजे १४ ग्रॅम हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, मिनिटभर सावकाश ढवळलं. इथल्या रेझिनमध्ये घट्ट होण्याला वेग देणारं कोबाल्ट आधीच मिसळलेलं येतं. त्यावरून तुमच्या दोन बाटल्या आठवल्या, जांभळट कोबाल्टची एका दगडावर आणि हार्डनरची पार दुसऱ्या माडाच्या बुंध्याशी, आणि दादाने एकदा दोन्ही एकाच पिशवीत घातल्या तेव्हा तुम्ही किती ओरडला होतात. ती दोन थेट एकमेकांत मिसळली तर भडका उडतो हे मला इथे येऊन वाचल्यावर कळलं.

मग ओतलं. मधोमध ओतून पट्टीने बाहेर बाहेर न्यायचं, आणि बाबा, ते पांढरं कापड बघता बघता दिसेनासं होतं, जिथे जिथे रेझिन भिनतं तिथे काचेसारखं होऊन खालचा फोम, स्ट्रिंगर, सगळं दिसायला लागतं. फोमवर मी पेन्सिलीने मापं लिहिली होती आणि त्याच्या खाली मराठीत 'दांडी, मालवण'. ती अक्षरं कापडाखाली आधी झाकली गेली आणि मग हळूहळू वर आली. मी थोडा वेळ नुसती बघत उभी राहिले, खरं तर तेवढा वेळ नव्हता, पण राहिले.

आणि तो वास. मास्क काढून बाहेर आले आणि कपड्यांना तो वास, थेट दांडीच्या किनाऱ्यावर नेलं त्याने. मी पाचवीत असेन, मे महिना, काकाची होडी वर ओढलेली, तुम्ही डेपोतून ड्यूटी संपवून येऊन तिला फायबर मारताय आणि मी म्हणतेय की मला ब्रश द्या, एकदाच द्या. तुम्ही दिला नाहीत. उलट मला त्या वाकड्या माडाजवळ नेऊन उभं केलंत, तिथून हलायचं नाही म्हणालात, आणि दादाला मात्र बादली धरायला ठेवलंत. बाबा, हे मी तुम्हाला कधी बोलले नाही पण मला ते फार लागलं होतं. मला वाटलं मी मुलगी म्हणून. कितीतरी वर्षं मी तेच धरून बसले होते, इथे आल्यावर पहिल्यांदा समुद्रात बोर्ड घेऊन गेले तेव्हासुद्धा मनात कुठेतरी तेच होतं, की बघा, मी करते.

आता हार्डनरची बाटली हातात घेतली आणि तिच्यावरचं वाचलं. डोळ्यात एक थेंब उडाला तर नजर जाऊ शकते. मला तेव्हा चष्मा लागून महिनासुद्धा झाला नव्हता आणि दर दोन मिनिटांनी चष्मा काढून डोळे चोळायची सवय होती. आणि तो माड वाऱ्याच्या वरच्या अंगाला होता, वास माझ्याकडे येतच नव्हता. तुम्ही जागा बघून उभं केलं होतंत मला. हे समजून मी गॅरेजच्या पायरीवर बसून रडले, आई तू काळजी करू नकोस, बरं वाटलं रडून.

पण तुमच्या स्वतःच्या तोंडावर तेव्हा साधा रुमालसुद्धा नव्हता. हातमोजे नव्हते, संध्याकाळी पेट्रोलने हात पुसायचात आणि बोटांची सालं निघायची, आई खोबरेल लावायची. मी इथे गाळणी बसवलेला मास्क लावून काम केलं आणि हातमोज्यांचे तीन जोड फेकले, आणि प्रत्येक जोड काढताना तुमचे हात डोळ्यांसमोर. आता तो खोकला येतो म्हणता तर एकदा छाती नीट दाखवून घ्या, दादा नेईल कणकवलीला, या वेळी नाही म्हणू नका.

शनिवारची खालची बाजू चांगली झाली. कडा दुमडून वरच्या बाजूला नीट चिकटल्या, रात्री टिचकी मारली तर टणक आवाज आला. रविवारी बोर्ड उलटा करून वरचे दोन थर घेतले आणि तिथे माझी चूक झाली. दोन थर म्हणून रेझिन एक किलो घेतलं आणि हार्डनर तेच दोन टक्के, कालचं गणित बरोबर आलं म्हणून तेच ठेवलं. पण दुपारी गॅरेजच्या पत्र्याच्या दारावर ऊन येत होतं, आत २३ डिग्री झालेलं मी बघितलंच नाही, आणि एका बादलीत एवढा माल एकत्र असला की तो स्वतःच तापत जातो. सपाट भाग झाला, उजवी कड झाली, डाव्या कडेला आले तोवर पट्टीखाली रेझिन ओढल्यासारखं लागायला लागलं, दोऱ्या सुटायला लागल्या, आई तुझा पाक जसा तारेवर येतो तसा. कापड खाली दाबायला जावं तर ते वर उचलून येतंय. आणि तेव्हा बाबा तुमचं वाक्य आठवलं, काकाला तुम्ही म्हणाला होतात, जेली धरली की हात काढ, आता जेवढं करशील तेवढं बिघडेल. हात काढणं फार कठीण असतं हो. समोर दिसतंय की हवा राहिलीय आणि आपण पट्टी खाली ठेवून बघत बसायचं. पण ठेवली.

तर आता परिस्थिती अशी की डाव्या कडेला, टोकापासून साधारण अडीच फुटांवर, वीतभर लांब आणि दोन बोटं रुंद पट्ट्यात कापडाखाली हवा आहे, पांढुरकी दिसते, नखाने वाजवलं की पोकळ आवाज येतो. बाकी सगळं नितळ आहे. वरचा शेवटचा हात अजून मारलेला नाही. त्या रेझिनमध्ये मेण असतं, ते सुकताना वर तरंगून येतं आणि हवा तोडतं म्हणून तो थर कडक होतो आणि घासता येतो. आत्ता जे आहे ते बिनमेणाचं, म्हणून वरून जरा चिकट आहे, पण त्यामुळेच पुढचा थर त्याला घट्ट धरेल. काकाची होडी एकदा आठवडाभर चिकट राहिली होती आणि वाळू बसली होती तिच्यावर, ती अशीच असणार ना?

दुकानातले दोघं दोन गोष्टी सांगतायत. एक म्हणतो बारीक छिद्र पाडून सुईने आत रेझिन भर आणि वर प्लास्टिक लावून दाब. दुसरा म्हणतो पोकळ भाग पूर्ण कापून काढ, कडा घासून उतरत्या कर आणि नवीन कापडाचा तुकडा लाव. होडीच्या बुडाला, खडकावर आपटून पापुद्रा सुटला होता तिथे तुम्ही काय केलं होतंत ते मी आठवायचा खूप प्रयत्न केला, पण मी माडाजवळ होते, मला लांबून फक्त तुमची पाठ दिसत होती. कापलं होतंत एवढं वाटतंय, आणि नंतर पुटीची लांबी भरली होती का ते नाही आठवत.

आई, तुला समुद्राची भीती वाटते ते माहितीये. मी एकटी जात नाही, जीवरक्षकांचे लाल-पिवळे झेंडे लावलेले असतात त्यांच्या आसपासच असते आणि पायाला दोरी असते. शेजारच्या फ्रेशवॉटर बीचवर हवाईचा ड्यूक कहानामोकू म्हणून मोठा पोहणारा १९१४ मध्ये आला होता, त्याने इथेच पाइनचं लाकूड घेऊन बोर्ड तासला आणि १९१५ च्या सुरुवातीला इसाबेल लेथम नावाच्या १५ वर्षांच्या मुलीला पुढे उभं करून लाटेवर आणलं. तेव्हा फायबर नव्हतंच, नुसतं भरीव लाकूड. तो बोर्ड तिथल्या क्लबने अजून जपून ठेवलाय. तुम्ही दोघं आलात की दाखवेन, पायऱ्या फार नाहीत, बाबांना जमेल.

नारळी पौर्णिमेला नारळ माझ्याही नावाने सोडा. दादाला म्हणावं किनाऱ्यावर बाबांना खुर्ची ने.

आणि बाबा, रविवारी मालवणच्या सकाळी नऊ वाजता व्हिडिओ कॉल करते, इथे दीड वाजलेला असेल, गॅरेजमध्ये उजेड असतो. फोन आईकडे देऊ नका. मी कॅमेरा त्या जागेवर नेते, नखाने वाजवून दाखवते, आवाज ऐका आणि सांगा कापू की सुईने भरू. बोर्डावर स्वच्छ चादर टाकून ठेवलीय, धूळ बसू नये म्हणून. तुम्ही सांगेपर्यंत हात लावत नाही.

तुमची,
ताई
डी वाय, सिडनी