सिस्टर, त्या ग्लासातल्या तेलाबद्दल

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार. हे पत्र मुद्दामच सर्वांसमोर लिहितोय. माझ्यासारखे आईबाप आणखी असतील, तुम्ही मला दिलंत ते त्यांच्याही हाती लागावं.

तुमच्याकडे आलो तेव्हा मुलीशी बोलणं टाकून मला चार महिने झाले होते. मी जमवून दिलेली नोकरी तिने नाकारली आणि लांबच्या शहरात स्वतःला आवडणारं काम धरलं, एवढंच झालं होतं. तुम्हाला मात्र मी म्हणालो, ‘जिवापाड प्रेम केलं, त्याचं देवाने हे फळ दिलं.’ तुम्ही मला दोष दिला नाहीत, धीराचे कोरडे शब्दही बोलला नाहीत. संत मोनिकाची गोष्ट काढलीत.

मोनिका म्हणजे मुलासाठी रडणारी आई, एवढंच मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तुम्ही ३८३ सालची ती रात्र सांगितलीत. तिच्या मुलाला, पुढे संत झालेल्या ऑगस्टीनला, रोमला जायचं होतं आणि आई सोडायला तयार नव्हती. मित्राला निरोप द्यायचाय असं खोटं सांगून त्याने तिला किनाऱ्याजवळच्या संत सिप्रियनच्या स्मृतिमंदिरात थांबवलं, आणि रात्रीच जहाज धरलं. ती आत रडत प्रार्थना करत होती, देवा, त्याला जाऊ देऊ नकोस. देवाने त्या रात्रीचं मागणं ऐकलं नाही. मुलाने ख्रिस्ती व्हावं हे तिचं वर्षानुवर्षांचं मागणं मात्र त्याच प्रवासातून पुरं झालं. ३८७च्या ईस्टरला मिलानमध्ये बिशप अँब्रोज यांनी ऑगस्टीनला बाप्तिस्मा दिला. ‘कन्फेशन्स’ या आपल्या आत्मकथनात तो आईबद्दल लिहितो की मुलगा जवळ असावा असं सगळ्याच आयांना वाटतं, हिला ते फार जास्त वाटायचं. हे वाचून तुम्ही थांबलात. मला खाली बघावं लागलं.

मग तुम्ही तिचा शेवटही सांगितलात. त्याच वर्षी, वयाच्या ५६व्या वर्षी, रोमजवळच्या ओस्तिया बंदरात ती आजारी पडली. नवऱ्याशेजारीच आपल्याला पुरावं म्हणून तिने एके काळी किती काळजी केली होती! आता म्हणाली, देह कुठेही ठेवा, प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण तेवढी करा. माया तेवढीच होती, तुम्ही म्हणालात, मूठ सैल झाली होती.

मी तरी वाद घातलाच. लेकीवर प्रेम करण्यात पाप कसलं? तेव्हा तुम्ही उठून पाण्याचा ग्लास आणि तेलाची बाटली आणलीत. पाण्यात तेल ओतून चमच्याने जोरात ढवळलंत आणि ग्लास माझ्यासमोर ठेवलात. काही बोलला नाहीत. पाणी गढूळ, पांढुरकं झालं होतं. मग एकेक थेंब सुटून वर यायला लागला, एकमेकांना मिळायला लागला, आणि थोड्या वेळाने वर सोनेरी थर स्थिर झाला. ‘यातलं वाईट काय होतं, तेल की पाणी?’ तुम्ही विचारलंत. हे उदाहरण ऑगस्टीनचंच, हेही सांगितलंत. वस्तू आपल्या जागी नसली की अस्वस्थ असते, जागी आली की निवांत होते, आणि माणसाचं वजन म्हणजे त्याचं प्रेम, ते नेईल तिकडे तो जातो. सद्गुणाची त्याने केलेली छोटीशी व्याख्याही मला तेव्हा कळली: सद्गुण म्हणजे प्रेमाची योग्य मांडणी. त्याआधी मी सद्गुण म्हणजे मन मारणंच समजत होतो.

पुढच्या भेटीत तुम्ही तेराव्या शतकातला धर्मचिंतक थॉमस अक्वायनस याची यादी काढलीत. माणसाचं परमसुख कशात? संपत्ती, मान, कीर्ती, सत्ता, शरीर, सुखोपभोग, एकेक करून तो नाही म्हणत जातो. मी मनात म्हणत होतो, यातलं मला काहीच नकोय, मला फक्त माझी मुलगी हवीय. त्याचा आठवा आणि शेवटचा प्रश्न आला: कुठल्याही निर्माण केलेल्या चांगल्या गोष्टीत? त्यालाही उत्तर नाहीच. सिस्टर, त्या क्षणी मला मुलीची दया आली. जे देवाकडे मागायचं ते मी त्या पोरीकडे मागत होतो, आणि ती देऊ शकत नाही म्हणून तिच्यावरच रुसलो होतो. देवावर प्रेम करण्याची आज्ञा प्रभू येशूने पहिली ठेवली आणि शेजाऱ्यावरच्या प्रेमाची तिच्या मागोमाग, हे मी इतकी वर्षं पाठ म्हणत होतो. तसं का, ते कळलं त्या दिवशी.

अजून कधीकधी ढवळलं जातं. रविवारी तिचा फोन आला नाही की मन गढूळ होतं. मग आधी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणतो आणि नंतर तिचं नाव घेतो. पूर्वी तिचं नाव आधी यायचं, आणि पुष्कळदा प्रार्थना तिथेच संपायची.

गेल्या आठवड्यात तिनेच फोन केला. ‘कधी येतेस?’ हे ओठांवर आलं होतं. त्याऐवजी, ‘तुझं काम नेमकं काय असतं गं?’ असं विचारलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग ती पाऊण तास सांगत होती. फोन ठेवताना म्हणाली, ‘बाबा, हे तुम्ही पहिल्यांदाच विचारलंत.’

हे तुम्हाला कळवायचं होतं. तुमचे आभार कसे मानू, सिस्टर!

तुमचा ऋणी,
एका मुलीचा बाप